काट्यापुरती थंडी

डिसेंबरचा पहिला शुक्रवार, सकाळ. ठिकाण सोहारमधला आमचा फ्लॅट. रक्कम बारा ओमानी रियाल. हजर चौघे: मी, माझी बायको, मस्कतहून आलेली आमची नवी सून आणि वरच्या मजल्यावरच्या पुण्याच्या काकू. काकू नाताळात पुण्याला जाणार होत्या. येताना त्यांनी सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी हलव्याच्या दागिन्यांचा तयार सेट आणायचा आणि मी त्याचे बारा रियाल द्यायचे, असे ठरले. ठरवले मी. काकू गेल्यावर चहाचे कप उचलताना बायकोने विचारले, "मी करणार नाही असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही. पण बाहेर बघ."

बाहेर ऊन मेमध्ये पुण्यात पडते तसे पडले होते. दरवर्षी नोव्हेंबर अर्धा सरला की आमच्याकडचा एसी बंद होतो. त्या वर्षी तो डिसेंबरातही चालू होता आणि नोव्हेंबरचे विजेचे बिल जवळपास ऑक्टोबरएवढेच आले होते. समुद्राकडून येणारी हवा दमट होती. मी कारखान्यात खर्चाचा हिशेब बघतो. मला जे दिसते त्यावरून मी अंदाज करतो. मला थंडी दिसत नव्हती.

हलव्याला मात्र थंडीच लागते. भाजलेल्या तिळावर पाक चमचा चमचा घालून मंद आचेवर बोटांनी तासन् तास फिरवत राहायचे. हवा थंड आणि कोरडी असेल तर दाण्यावर काटा येतो. नाही तर गुळगुळीत गोळी होते, आणि तिला आमच्या घरात हलवा म्हणत नाहीत.

बायकोने हार मानली नाही. तिने बेडरूम बंद करून एसी अठरावर ठेवला आणि इलेक्ट्रिक शेगडीवर परात चढवली. दुपारभर बसली. वरून थंड झोत, खालून आच. पाक दाण्याला धरायच्या आधीच वाळून त्याची पिठी होत होती. संध्याकाळी परातीत तीळ वेगळे आणि साखर वेगळी असा प्रकार होता.

सून शेजारी बसून बघत होती. ती मस्कतमध्येच वाढलेली, शाळाही तिथलीच. मराठी समजते सगळे, बोलताना अडखळते. ती म्हणाली, "आई, सेट येणार आहे ना? मग तुम्ही इतकं कशाला… म्हणजे, यू डोन्ट हॅव टू."

"मला करायचंय," बायको म्हणाली, आणि परात मोरीत नेऊन ठेवली. मुलाच्या लग्नाला जेमतेम सात महिने झाले होते. दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या नीट वागत, आणि मला त्याचीच काळजी वाटे.

सुनेलाही थंडी हवी होती, पण तिचे कारण वेगळे होते. तिच्या फोनवर जबल शम्सवर बर्फ पडल्याचा फोटो फिरत आला होता. ओमानमधला हा सर्वांत उंच डोंगर. "मी आयुष्यात एकदा पण स्नो नाही बघितलं, बाबा. आणि हे तर आपल्याच देशात आहे." आपला देश म्हणजे ओमान. मी फोटो नीट पाहिला. त्यात लोकांनी जाड कोट घातले होते. "हा या वर्षीचा नाही," मी म्हणालो. तिचा चेहरा उतरला.

तोडगा काढला तो चाचांनी. चाचा रत्नागिरीकडचे मुसलमान. आमच्या गल्लीत त्यांचे टाइल्सचे दुकान आहे. वयाने माझ्याएवढेच, पण दुकानातली मुले म्हणतात म्हणून सगळेच त्यांना चाचा म्हणतात. बायकोने दुकानात त्यांच्यापाशी हलव्याचे रडगाणे गायले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, थंडी हितं येत नाय तर आपण थंडीकडं जाऊ. माझी गाडी फोर बाय फोर हाय. जबल शम्सवर चला, शेगडी घेऊन."

"डोंगरावर हलवा करायला?" मी विचारले.

"का, भाऊ? डोंगरावर लोक मटण भाजतात. त्यांना कोण विचारतं?"

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "शुक्रवारी पहाटे निघू."

मुलाला सुट्टी नव्हती. म्हणून चाचा, आम्ही दोघे आणि सून असे निघालो. मागे परात, कोळसे, तीळ, गाळून बरण्यांत भरलेला पाक आणि चाचांची मिशकाक, म्हणजे सळईवरचे मटण, भाजायची लोखंडी शेगडी. शेगडी बघून बायको थबकली. चाचांनी ओळखले. "कोरी हाय, वहिनी. कालच घेतली. हिला अजून मटणाचा वास पण ठाऊक नाय."

अल हमरा गावाच्या पुढे रस्ता चढू लागला, मग कच्चा झाला. सून खिडकीची काच खाली करून हात बाहेर काढून बसली होती. दर दोन वळणांनी विचारी, "थंड होतंय ना?" होत होते. वर तंबूंच्या कॅम्पवर पोचलो तेव्हा मला स्वेटर घालावासा वाटला. तरी बर्फाचे नाव नव्हते. कडे कोरडे, तपकिरी, आणि आभाळ स्वच्छ.

कॅम्पचा म्हातारा ओमानी राखणदार चाचांच्या ओळखीचा निघाला. सुनेने त्याला अरबीत बर्फाचे विचारले. तिचे अरबी तिच्या मराठीपेक्षा सफाईदार आहे. त्याने आभाळाकडे पाहून मान हलवली. बर्फ येतो कधीतरी, म्हणाला, आला तरी दुपारपर्यंतच टिकतो. यंदा डिसेंबर गरम आहे. पुढे इन्शाल्ला. सुनेने त्याला स्वतःचा नंबर दिला आणि पडला तर फोन करायला सांगितले.

बायकोने वाऱ्याच्या आडोशाला, एका दगडी भिंतीमागे शेगडी मांडली. कोळशांवर राख पसरली, परात ठेवली, तीळ टाकले, वर चमचाभर पाक. ओल्या फडक्याला बोटे पुसत ती फिरवत राहिली. पहिला तास काहीच झाले नाही. चाचा तोंडात खजूर टाकून लांबून बघत होते. मग बायको म्हणाली, "बघा." मी वाकून पाहिले. दाण्यांवर बारीक टोके उभी राहिली होती, साखर अंगावर शहारल्यासारखी.

"ए पोरी," चाचा सुनेला हाक मारून म्हणाले, "हे घे तुझं बर्फ."

सून हसली नाही. तिला खरा बर्फ हवा होता, आणि ते कुणी चेष्टेवारी नेलेले तिला आवडले नाही. पण ती येऊन परातीपाशी बसली. तिसऱ्या तासाला बायकोची बोटे लाल झाली होती. "द्या, मी करते," सून म्हणाली. बायको बाजूला सरकली.

"अगं, भाजी परततेस का? ढवळू नकोस. काटे मोडतात."

"मग काय करू?"

"नुसतं फिरव. हलक्या हाताने. हं. आता पाक. एवढा नको!"

"सॉरी."

"सॉरी नको, फडकं घे."

थोड्या वेळाने सुनेचा हात बसला. वारा पडला होता. परातीकडे बघतच तिने विचारले, "आई, सेट येतोय तरी एवढं का करायचं? मला खरंच कळत नाही. रागावू नका."

मी पलीकडे दगडावर बसलो होतो. बायको हळू बोलत होती, पण मला ऐकू आले.

"माझ्या सासूबाईंनी माझ्या पहिल्या संक्रांतीला दागिने हाताने केले होते. चार दिवस शेगडीपुढे बसल्या होत्या. पुढे आमचं दोघींचं कधी पटलं नाही. मी त्यांना मनातल्या मनात खूप बोलले, कधी तोंडावरही. पण ते चार दिवस आठवले की जीभ आवरायचे. असं काहीतरी तुझ्यापाशी असावं म्हणून. उद्या आपलंही भांडण होईल ना."

"होईलच," सून म्हणाली. मग दोघी हसल्या, आणि बराच वेळ हसत होत्या.

माझ्या आईबद्दल हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आमच्या घरातली ती वर्षे मी पाहिली आहेत. दोघींच्या मध्ये मी उभा राहिलेलो आहे. त्या हिशेबात एवढी मोठी रक्कम जमेला होती हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितले नव्हते. मी उठून शेगडीत कोळसे घातले.

रात्री तिथेच तंबूत राहिलो. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून दोघींनी आळीपाळीने फिरवले. सकाळी सून आधी तंबूबाहेर जाऊन आली. गाडीच्या काचेवर फक्त दव होते. तिने बोटाने त्यावर एक रेघ ओढली आणि परातीपाशी येऊन बसली.

हलवा झाला, पण पूर्ण दागिन्यांपुरता नाही. मंगळसूत्र, कानातले आणि एका हातातली बांगडी, एवढेच निघेल असे बायकोने मोजून सांगितले. खाली उतरल्यावर दमट हवेत काटे विरघळू नयेत म्हणून तो घट्ट झाकणाच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवला. पेट्रोलचे पैसे चाचांनी घेतले नाहीत. "खलास, भाऊ. मी पण फिरून आलो ना?" मग वाटेत बहला गावच्या पंपावर ते चहाला गेले असताना मी टाकी भरून घेतली. ते रागावले, पण टाकी भरलेली राहिली.

संक्रांतीला सोहारमध्ये पंखे चालू होते. काकूंनी आणलेला सेट सुंदर होता: हार, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळे काही. सुनेने तो बॉक्समधून काढून सगळ्यांना दाखवला, काकूंचे आभार मानले आणि परत ठेवला. काळ्या साडीवर तिने मंगळसूत्र, कानातले आणि ती एक बांगडी घातली. फोटोत ती जरा ओकीबोकी दिसते. दुसरा हात रिकामा आहे. मुलाने विचारले, "एकच बांगडी?" तर ती म्हणाली, "दुसऱ्यासाठी पुढच्या वर्षी जाऊ. आईंनी प्रॉमिस केलंय." चाचा उरलेला मूठभर हलवा घेऊन गेले. जबल शम्सवरून त्या हिवाळ्यात फोन आला नाही.

पाहुणे गेल्यावर काकू सेटचा बॉक्स परत न्यायला लागल्या. "घातलाच नाही हो तिने. मी मंडळात कुणालातरी देईन. तुम्ही काही देऊ नका."

ठरले होते ते ठरले होते. बॉक्स त्यांना नेऊ दिला, आणि काकूंच्या हातात बारा रियाल ठेवले.