पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

दिवाळी झाली की आमच्या गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला निघायची. त्या साली मी सहावीत होते. निघण्याआधी आई माझा दाखला मागायला शाळेत गेली, तर मुख्याध्यापकांनी तो दिला नाही. पोरं गेली की पट घटतो आणि पट घटला की शाळेतला एक शिक्षक कमी होतो, हे त्यांचं दुखणं. त्यांच्या दुखण्यापायी माझं वर्ष बुडणार होतं.

ढोकीच्या साखर कारखान्यापलीकडं एका गावाबाहेर आमच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. पहिल्याच सोमवारी आईनं मला न्हाऊ घातलं आणि हाताला धरून तिथल्या शाळेत नेलं.

"दाखला?" तिथल्या सरांनी मान वर न करता विचारलं.

"दाखला येईल तवा येईल. पोरगी तर आलीय की," आई म्हणाली.

"असं चालत न्हाय, बाई. नियम असतोय."

नियम म्हटल्यावर माझं डोकं सणकलं. नियम मला पाठ होता. आमच्या शाळेच्या भिंतीवर शिक्षण हक्काचा कायदा रंगवला होता आणि खिचडीची रांग नेमकी त्याच भिंतीला लागायची. ताट हातात धरून रोज दुसरं वाचणार तरी काय? मी हाताची घडी घातली आणि पाढा म्हणावा तसं म्हणून टाकलं, "दाखला नसला तरी शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही."

"कुणी शिकवलं हे?"

"भिंतीनं."

सर हसले नाहीत. माझा दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकांनीच ती भिंत रंगवून घेतली होती, हे आठवलं की मला आजही राग येतो. सरांनी हजेरीचं पुस्तक पुढं ओढलं आणि शेवटच्या ओळीत माझं नाव लिहिलं. पेन्सिलीनं.

मी आईच्या कानात सांगितलं. तिला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण खोडरबर काय करतं ते माहीत होतं. तिनं टेबलाशेजारी फरशीवर सरळ बसकण मारली.

"सर, शाईनं लिवा. न्हायतर म्या हितनं उठत न्हाय."

बाहेर आमच्या टोळीला उसाच्या फडात नेणारा ट्रॅक्टर हॉर्न देत होता. टोळीचा मुकादम आईच्या नावानं ओरडत होता. आई हलली नाही. शेवटी सरांनी पेनाचं टोपण काढलं. शाई आडनावापर्यंत पोचल्याची खूण मी केली, तेव्हाच ती उठली.