मोजणी कोणी केली

राजकारणाच्या बाईंना शिसारी लवकर यायची. वर्तमानपत्रात ‘ऐतिहासिक करार’ असं छापून आलं, की ते पान त्या दोन बोटांच्या चिमटीत धरत, जणू कोणी त्यात मासे बांधून आणलेत. ‘दोन्ही नेत्यांत मनमोकळी चर्चा झाली’ या एका वाक्यावर त्यांनी एकदा पूर्ण तास घेतला होता. “मनमोकळी म्हणजे भांडले,” त्या मुलांना सांगत, “उपयुक्त म्हणजे काही ठरलं नाही, आणि संयुक्त निवेदन म्हणजे जेवण चांगलं होतं.” मुलं हे उत्तरपत्रिकेत लिहीत आणि तपासणारे गुण कापत.

शाळेच्या शेवटच्या दोन वर्गांना ‘जागतिक राजकारण’ हा ऐच्छिक विषय होता आणि बाई तो एकोणीस वर्षं शिकवत होत्या. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून. त्यामुळे सार्वभौमत्वाच्या धड्याला कायम सडक्या अंड्यांचा वास. भिंतीवरच्या नकाशात दोन देश असे होते, की जे आता पृथ्वीवर कुठेच नव्हते. नवा नकाशा मागितला तेव्हा कार्यालयाने ‘जुना फाटला आहे काय?’ असं लेखी विचारलं. फाटला नव्हता. बाईंनी त्या दोन देशांवर कागद चिकटवले.

या विषयात प्रत्येकाला एक अहवाल करावा लागे. खऱ्या राजकीय प्रश्नाला प्रत्यक्ष जाऊन भिडायचं, संबंधितांना भेटायचं, आणि शेवटी एक तक्ता भरायचा: सत्ता कोणाकडे होती, ती कशी वापरली, भोगलं कोणी. पहिल्या पानावर शिक्षकाची सही लागे, की काम विद्यार्थ्याचं स्वतःचं आहे आणि खरं आहे. परीक्षा बाहेरची असल्याने या सहीला वजन होतं. मुलं बहुतेक वितळणारा बर्फ नाहीतर दूरचं एखादं युद्ध घेत आणि परदेशातल्या मामाला फोन करून त्याला ‘स्थानिक साक्षीदार’ म्हणत. बाई नाक मुरडून सही करत.

यंदा एका मुलीने एका लांबच्या देशातली वादग्रस्त निवडणूक घेतली होती. तिला सगळे ‘पुरवणी’ म्हणत, कारण परीक्षेत पहिल्या अर्ध्या तासात तिचा हात वर जाई: “पुरवणी!” तर ही पुरवणी, पृथ्वीचा जुना गोल कुठे सापडतो का बघायला तळमजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत गेली आणि तासाभराने केसांत जळमटं घेऊन वर आली.

“बाई, मला विषय बदलायचाय.”

“आता? महिना राहिलाय.”

“आपल्या शाळेच्या मतपेट्या आहेत खाली. सहा. प्रत्येकीवर लाखेचं सील आहे, तुमच्या अक्षरात वर्ष आहे, सही आहे. एकही उघडलेली नाही.”

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. मुलगी म्हणाली, “मग निकाल कुठून आले, बाई?”

शाळेत दरवर्षी विद्यार्थी प्रतिनिधीची निवडणूक होई आणि विषयामुळे निवडणूक अधिकारी अर्थातच बाई. पडदा, शाई, गुप्त मतदान, सगळं चोख. मतदान झालं की त्या पेटी सील करून कार्यालयात देत. तिसऱ्या दिवशी निकालाचा कागद येई आणि त्याखाली त्या सही करत. असं अकरा वर्षं.

त्याच दुपारी त्या कारकुनाच्या टेबलापाशी गेल्या.

“भाऊसाहेब, निवडणुकीची पेटी मोजतं कोण?”

“तुम्हीच ना?”

“मी सील करून तुम्हाला देते.”

“आणि मी स्टोअरला पाठवतो. मला वाटलं, मोजूनच सील करता तुम्ही.”

“मोजून झाल्यावर सील कशाला करीन मी?”

“आता आमच्या हापिसात सगळं झाल्यावरच सील करतात, बाई. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.”

“आणि निकाल?”

“मुख्याध्यापक सर चिठ्ठी देतात. मी टाइप करतो.” भाऊसाहेबांनी दोन्ही हात वर केले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची निष्पापता होती आणि बाईंना तीच सगळ्यात किळसवाणी वाटली.

मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. ते कधीच चिडत नसत. आवाज मऊ, टेबलावर काच, काचेखाली शाई लावलेली बोटं नाचवणाऱ्या मुलांचा फोटो.

“निकाल मी लावतो, बाई, आणि फार विचार करून लावतो. मुलांवर सोडलं तर ज्याच्याकडे फुटबॉल त्याला मतं.”

“मग मतदान घेतो कशाला आपण?”

“अनुभव! मतदानाचा अनुभव द्यायचा असतो. निकालाचा अनुभव त्यांना पुढे आयुष्यभर येणारच आहे.” ते स्वतःच्या वाक्यावर प्रसन्न हसले. “त्या मुलीला सांगा, आपला तो लांबचा देशच बरा. तिथे काय लिहायचं ते लिही म्हणावं, कोणी विचारायला येत नाही.”

दुसऱ्या दिवशी अडगळीची खोली झाडून लख्ख होती. शिपायाने अभिमानाने दार उघडून दाखवलं. पत्र्याच्या पेट्या रद्दीवाला सकाळीच घेऊन गेला होता, आतल्या कागदांसकट. सहा वर्षांतलं प्रत्येक मत आता कुठल्यातरी गोदामात वह्यांच्या पुठ्ठ्यांखाली पडलं होतं. त्याआधीच्या पाच पेट्या कधी गेल्या, हे शिपायालाही आठवेना.

मुख्याध्यापकांनी मग बाईंना पुन्हा बोलावलं. “नियम तुमच्याच विषयाचा आहे, बाई. पुराव्याशिवाय केलेला अहवाल बनावट धरतात आणि शून्य देतात. एवढ्या हुशार मुलीचं वर्ष जाईल हो. शिवाय त्या प्रत्येक निकालाखाली सही कोणाची? माझी तर नाही.” आणि पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. बाईंना तो पेला त्यांच्या कोटावर ओतावासा वाटला. त्या पाणी पिऊन बाहेर आल्या.

घरी धाकटी बहीण होती, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, अकरा वर्षांत एकदाही मोजणी बघायला गेली नाहीस तू?”

“मला वाटलं, कारकून मोजतो.”

“आमच्याकडे रक्त न बघता रिपोर्ट लिहिला तर जेलात जातो माणूस.”

“तुमच्याकडे रक्त असतं.”

“आणि तुमच्याकडे काय असतं, रंगीत पाणी?”

बाईंनी जेवणाचं ताट सरकवलं. शिसारी आली होती, आणि आता ती मुख्याध्यापकांची नव्हती. तिसऱ्या वर्षीच त्यांना शंका आली होती. त्या वर्षी असा एक मुलगा मोठ्या बहुमताने निवडून आला होता, की ज्याला त्याच्या सख्ख्या बहिणीनेही मत दिलं नसतं. तिने तसं भर वर्गात सांगितलंही होतं. वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि सही करून तास पुढे चालू केला. त्या दिवशीचा धडाही त्यांना आठवत होता: निवडणूक निरीक्षकांची कर्तव्ये. जगभरच्या हुकूमशहांची त्यांना घाण वाटे. ते सगळे सोयीस्कर लांब राहत होते.

दोन दिवसांनी पुरवणी अहवाल घेऊन आली. नेहमीपेक्षा तो पातळ होता.

“पेट्या गेल्या, बाई. फक्त माझा शब्द उरलाय. सर म्हणाले, शून्य पडेल. आई म्हणते, सोड. सोडू का?”

“पाठीमागे हे लाव.” बाईंनी एक हाताने लिहिलेला कागद दिला. त्यात आठ ओळी होत्या. पेट्या मी सील केल्या, त्या माझ्यासमोर कधीही मोजल्या गेल्या नाहीत, निकालांवरच्या सह्या माझ्या आहेत आणि अकरा वर्षं मोजणीबद्दल मी कोणालाही विचारलं नाही. खाली नाव, हुद्दा, तारीख.

मुलीने तो दोनदा वाचला. “बाई, मी अहवालात तुमचं नाव मुद्दाम घातलं नव्हतं. नुसतं ‘निवडणूक अधिकारी’ लिहिलंय.”

“परीक्षकाला कसं कळणार कोण ते? नाव घाल.”

“तक्त्यात पण? ‘सत्ता कोणाकडे होती’ मध्ये?”

“तिथेही. सरांच्या खाली.”

“आणि ‘ती कशी वापरली’?”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “लिही, सही करण्यासाठी.”

मुलीने खरंच तसं लिहिलं. बाईंनी पहिल्या पानावर, काम स्वतःचं आहे आणि खरं आहे या ओळीखाली, सही केली. त्या सहीला मात्र त्यांनी नाक मुरडलं नाही.

अहवाल बाहेर गेला. शून्य पडलं नाही. परीक्षकाने पुरावा मान्य केला, भाषेचं कौतुक केलं आणि चार गुण कापले. कारण लिहिलं होतं: ‘विषय स्थानिक आहे, जागतिक महत्त्व स्पष्ट होत नाही.’ मुख्याध्यापकांनी हा शेरा झेरॉक्स करून शिक्षकांच्या खोलीतल्या फलकावर लावला. चौकशी वगैरे कुठूनच आली नाही. बाईंना फक्त एक पत्र मिळालं, की कामाचा भार पाहता निवडणुकीच्या जबाबदारीतून त्यांना मुक्त करण्यात येत आहे. त्या पत्रावरही त्यांच्याकडून पोच म्हणून सही मागितली होती. त्यांनी दिली नाही. शिपाई तीनदा येऊन गेला.

नवे निवडणूक अधिकारी खेळाचे सर झाले. उत्साही माणूस. त्यांनी नवी पेटी रंगवून घेतली, लाख दुप्पट वापरली. मतदान झाल्यावर ती पेटी काखेत मारून ते तिसऱ्या मजल्यावर आले.

“बाई, तुम्हाला अनुभव आहे म्हणून विचारतो. सील केल्यावर पुढे काय करायचं असतं?”

“उघडायची असते,” बाई म्हणाल्या.

खेळाचे सर मनमुराद हसले, जिना उतरेपर्यंत हसत होते, आणि पेटी भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवून मैदानावर गेले.