जानेवारीत तपासलेला कॉम्प्युटर

बाबांसाठी मी बांधलेला कॉम्प्युटर शिलाई मशीनच्या झाकणाखाली मावला असता. बांधलेला असंच म्हणते मी, कारण तो विकत आणलेला नव्हता. इंजिनिअरिंगला असताना, दोन हजार तीन-चारच्या सुमारास, मला हा नाद लागला. सुटे भाग आणायचे, जोडायचे आणि कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर किती जास्त पळतो ते बघायचं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवला की वीज जास्त द्यावी लागते, वीज वाढली की तो तापतो, आणि फार तापला की चुकतो. सगळी मजा त्या चुकण्याच्या जरा अलीकडे थांबण्यात असते. लखनौला चिनहट भागातल्या एका कारखान्यात नोकरी लागली, लग्न होऊन तिथल्याच महानगर नावाच्या वस्तीत संसार थाटला, तरी नाद सुटला नाही. नवरा म्हणायचा, लोकांच्या बायका साड्या जमवतात, माझी पंखे जमवते.

बाबा लखनौच्याच एका संशोधन संस्थेतून निवृत्त झाले होते. आई गेल्यावर ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहत. निवृत्तीच्या वेळी त्यांचं एक काम अर्धवट राहिलं होतं, एका मोठ्या रेणूची घडी कशी पडते याचं गणित. त्याचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिलेला, जुन्या वळणाचा. सुरुवातीला तो एकेक करत चाळीसेक आकडे मागायचा, बाबा वहीत बघून ते टाइप करायचे, आणि मग तो दिवसेंदिवस चालत राहायचा. भरलेले आकडे तो कुठे साठवून ठेवत नसे. संस्थेची मोठी यंत्रं आता त्यांना मिळत नव्हती आणि घरच्या लॅपटॉपवर एका फेरीला महिना लागत होता. "एवढं संपलं की मी मोकळा," असं ते म्हणायचे.

टेबल लहान, त्यावर वह्यांचा ढीग, तेव्हा कॉम्प्युटरही लहानच हवा. छोटा मदरबोर्ड मी दिल्लीहून मागवला, बाकीचं लखनौच्याच लालबाग बाजारातून आणलं. कॅबिनेट बघून दुकानदार म्हणाला, "मॅडम, इतने छोटे डिब्बे में गरमी कहाँ जाएगी?" मी हसले. मला शिकवायला निघाला होता! जानेवारीचे दिवस होते, बाहेर धुकं, घरात स्वेटर घालून बसलो तरी स्क्रू पकडताना बोटं वळत नव्हती. मी वेग वाढवत नेला. ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत अशी गणितं प्रोसेसरकडून सतत करून घेणारी एक चाचणी असते, ती चोवीस तास लावून ठेवली. एकही चूक नाही. लॅपटॉपवर महिना लागायचा ते काम आता आठ दिवसांत होणार होतं. वेग वाढवल्याचं मी बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते नको म्हणाले असते, आणि मला माझी हुशारी दाखवायची होती.

पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. बाबा फोनवर आकडे वाचून दाखवायचे, मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण त्यांचा आवाज आई होती तेव्हासारखा लागायचा. मग एप्रिल संपला आणि लू, तो उत्तरेकडचा भाजून काढणारा वारा, वाहू लागली. बाबांना एसी सोसत नसे. गच्चीखालचं घर, खिडकीत वाळ्याचा कूलर, आणि वीज गेली की तोही बंद. कॉम्प्युटर मात्र इन्व्हर्टरवर चालूच. मे महिन्यात त्या खोलीत दुपारी पाय टाकवत नव्हता. इतक्या वर्षांचा अनुभव असून मला एकदाही वाटलं नाही की जानेवारीतली परीक्षा मेमध्ये चालत नाही.

एका रविवारी गेले तर बाबा वह्या जमिनीवर पसरून बसले होते. "आधीच्या फेऱ्यांशी उत्तर जुळत नाहीये," म्हणाले. त्यांनी तेच आकडे घालून पुन्हा फेरी लावली होती, आणि दुसरं उत्तर पहिल्याहूनही वेगळं आलं होतं.

"अच्छा, मग?" मी म्हटलं.

"एकाच आकड्यांची दोन उत्तरं येत नाहीत गं. म्हणजे दोन्ही वेळा मी वेगवेगळे आकडे भरले. आणि मला ते आठवत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी अगदी हळू म्हटलं. त्यांचे थोरले भाऊ, नागपूरचे माझे काका, शेवटची पाच वर्षं स्वतःच्या मुलांना ओळखत नव्हते. बाबांना आयुष्यात भीती अशी त्या एकाच गोष्टीची होती. मी त्यांची समजूत घातली, उन्हाने थकवा येतो, दोन घोट पन्हं घ्या, असलं काहीबाही बोलले. यंत्राचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, झालं सुरू.

दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. "मी येतो तुझ्याकडे. एकटं राहणं आता बरोबर नाही."

दोन वर्षं मी यासाठी त्यांच्या मागे लागले होते. गॅस बंद केला का, गोळी घेतली का, म्हणून दिवसातून तीनदा फोन करायचे. ते आले, दोन बॅगा, वह्यांची खोकी आणि तो छोटा कॉम्प्युटर घेऊन. स्कूटर विकून टाका म्हणाले. बँकेचे कागद माझ्या हातात दिले. कॉम्प्युटरला त्यांनी हात लावला नाही. पण पोळ्या गरम खायचे, संध्याकाळी जवळच्या कपूरथळा चौकापर्यंत चालून यायचे, आणि मला किती तरी महिन्यांनी निवांत झोप लागायला लागली.

जूनमध्ये एका दुपारी बाबा आत झोपले असताना, धूळ काढावी म्हणून मी तो कॉम्प्युटर उघडला. पुन्हा जोडला आणि सवयीने ती चाचणी लावली. चौथ्याच मिनिटाला चूक. पुन्हा लावली, पुन्हा चूक. मी वेग उतरवून कंपनीने नेमलेल्या जागी आणला, चाचणी तासभर बिनचूक चालली. मग बाबांच्या वहीतलं एक लहान, जुनं गणित त्यांच्याच प्रोग्रामला घातलं. दोनदा घातलं. दोन्ही वेळा उत्तर तेच, वहीत होतं तेच. बाबा चुकले नव्हते. माझा कॉम्प्युटर तापून चुकीची उत्तरं देत होता, न अडखळता, न बंद पडता.

त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं तर ते बॅगा भरतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. शिवाय एवढ्या मोठ्या इंजिनीअरबाईंनी ऋतू विसरावा, हे कबूल करायची लाज. पण लाज हे खरं कारण नव्हतं. ते घाबरलेले असताना माझ्या ताब्यात होते, आणि मला ते तसे हवे होते. हे लिहितानाही मला माझी शिसारी येते.

तीन आठवडे गेले. मग एका सकाळी संस्थेतल्या एका संशोधक मुलीचा फोन आला. तिला बाबांच्या वह्या हव्या होत्या. जेवणाच्या टेबलाशी बसून बाबा तिच्याशी बोलत होते, मी भाजी चिरत होते. "ले जाओ बेटा, सब ले जाओ," ते म्हणाले. "बस, आख़िरी साल का कुछ मत लेना। अब मेरे हिसाब पर भरोसा मत करना।" आणि फोन ठेवून ते चष्मा पुसत बसले.

मी सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. वेग, जानेवारी, मे, चाचणी, वहीतलं गणित. ऐकताना त्यांचे खांदे सैल झाले, आणि क्षणभर मला वाटलं की सुटलो दोघंही.

"म्हणजे मी नव्हतो," ते म्हणाले.

"नाही बाबा. तुम्ही नव्हता."

"कधी कळलं तुला?"

खोटं ओठांवर आलं होतं. पण त्या तोंडाकडे बघून बोलवलं नाही. "तीन आठवडे झाले," मी म्हटलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त मान हलवत राहिले, उत्तर पटलं की हलवायचे तशी. मग म्हणाले, "रोज सकाळी उठलो की मी शंभरातून सात वजा करतो. त्यातून पुन्हा सात. दोनपर्यंत खाली यायचं. डॉक्टर लोक असंच तपासतात, दादाला तपासलं होतं ना. एकदाही चुकलो नाही मी. तरी वाटायचं, आज नाही तर उद्या चुकेन."

सकाळी त्यांच्या दारातून पुटपुटणं ऐकू यायचं, आणि मी समजत होते की या वयात बाबा स्तोत्र म्हणायला लागले.

"तू चहा घेऊन आत यायचीस," बाबा म्हणाले, "तेव्हा मी साधारण तीसवर असायचो. मग तू गेलीस की पुन्हा शंभरापासून."