नव्या गाडीला डबलसीट नाही

नागपूरच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्या एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्या हातात दोन टायर. टायर चांगले खोल दातांचे, खडकात धरणारे, पुण्याहून मुद्दाम आणलेले. हमालानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गाडी कोठं सोडली साहेब?" मी म्हटलं, "तीच घ्यायला आलोय!"

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मोटारसायकलसाठी तेव्हा नंबर लावावा लागे, आणि पुण्यात तो लागता लागत नसे. नागपूरच्या मामेभावानं तिकडे माझ्या नावानं नंबर लावून ठेवला होता. दिवाळी झाली आणि त्याची तार आली, 'गाडी आली.' आम्हा चौघा मित्रांना दिवाळी ते होळी सह्याद्रीतल्या बैलगाडीच्या वाटांनी मोटारसायकली हाकायचं खूळ होतं. तिघांकडे जुन्या गाड्या होत्या, मी आजवर कुणाच्या तरी मागे बसून हिंडलेलो. आता माझी स्वतःची, तीही कोरी! त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं. हे आधीच कबूल करून टाकतो.

कोरी गाडी जशीच्या तशी डोंगरात नेली तर महिन्याभरात खिळखिळी होते. म्हणून मामेभावानं मला गाडीसकट सदर भागातल्या गुलाबराव मिस्त्रींकडे धाडलं. मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि अंगणात टिनाच्या छपराखाली कारखाना. दारात मिस्त्रींच्या बायको होत्या. "येऊन राहिले न जी, बसा," त्या म्हणाल्या. येऊन राहिले, म्हणजे आलेत आणि घरातच आहेत, असं समजून मी बेधडक आत डोकावलो, तर थेट स्वयंपाकघर! बाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. 'येऊन राहिले' म्हणजे इकडे 'येताहेत, वाटेवर आहेत', हे मला दहा मिनिटांनी मिस्त्री लंगडत आले तेव्हा समजलं.

मिस्त्री पन्नाशी उलटलेले, काटकुळे. उजवा घोटा कधीकाळी मोडून वाकडा बसलेला. त्यांनी माझ्या गाडीला हात लावला नाही. आधी म्हणाले, "सुरू करा." मग डोळे मिटून ऐकत राहिले. नंतर मलाच विचारलं, "काय आयकू आलं?" मी म्हटलं, "आवाज छान आहे." "मी छान नाही विचारलं. काय आयकू आलं?" अशी माझी रोज परीक्षा. कधी मुद्दाम एखादा नट सैल ठेवायचे आणि मला शोधायला लावायचे. सापडला नाही तर गाडी मिळायची नाही, नुसता चहा मिळायचा.

चार दिवसांत त्यांनी गाडीचं रूप पालटलं. माझे टायर चढवले. सायलेन्सर उचलून सीटच्या उंचीला आणला, म्हणजे नाल्यात पाणी शिरायला नको. इंजिनाखाली जुन्या ड्रमचा जाड पत्रा ठोकला. पुढचा मडगार्ड चार बोटं वर घेतला. हे कशासाठी, ते मला कळेना. "इकडची काळी माती पाहिली नाही तुम्ही," मिस्त्री म्हणाले. "ओली झाली का चाकाले धरते. मडगार्डात अशी भरते का चाक जागचं हालत नाही. मंग बसा सोलत."

आणि सगळ्यात शेवटी त्यांनी नियम घालून दिला. पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही, आणि मागे कुणालाही बसवायचं नाही. "नवी गाडी म्हणजे पह्यलटकरीण. वजन नाही टाकाचं तिच्यावर. कोणी किती म्हणो, डबलसीट नाही." मी मान डोलावली. इतका आज्ञाधारक मी शाळेतही नव्हतो.

मग माझी भटकंती सुरू झाली. पहिल्या दिवशी खापरखेड्याला गेलो. लांबूनच वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, आणि जवळ गेलं की झाडांची पानंसुद्धा राखेनं करडी झालेली. दुसऱ्या दिवशी कळमेश्वरच्या बाजूला. तिथे संत्र्याच्या बागा रस्त्याला इतक्या लागून की हात लांबवला तर फळ हाताला यावं. एका बागेत माणसं संत्री निवडत होती. त्यांतल्या म्हाताऱ्यानं मला थांबवून दोन संत्री दिली आणि विचारलं, "इतकी नवी गाडी, अन् इतकी हळू काहून चालवून राहिले गा?" मी म्हटलं, "मिस्त्रींचा हुकूम आहे." पुढे एका रपट्यावर (ओढ्यावरचा बुटका पूल, ज्यावरून पाणी वाहतं) शेवाळावरून चाक सरकलं आणि मी गाडीसकट आडवा झालो. कोपर सोलवटलं, पण सायलेन्सरमध्ये पाण्याचा थेंब गेला नाही. हे सांगितल्यावर मिस्त्री इतके खूश झाले, की माझ्या कोपराची चौकशी करायची राहूनच गेली. त्या दिवशी मला जेवायला ठेवून घेतलं. बाईंनी पाटवडी-रस्सा केला होता. मी डोळे पुसत, नाक ओढत तीन वाट्या रस्सा प्यालो.

भटकंतीच्या सहाव्या दिवशी अवेळी पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रींच्या अंगणात ठेवलेली गाडी घ्यायला गेलो. दोन दिवस उत्तरेला सातपुड्याच्या जंगलात जायचा बेत होता. मिस्त्री ओट्यावर बसले होते, धुतलेला सदरा घालून.

"तिकडं कळमेश्वरापुढं माया मोठा भाऊ रायते," ते म्हणाले. "निरोप आला, बिमार हाय म्हणून. भेटाले बोलावून राहिला. एस्टी फाट्यावर सोडते, तेथून आत आठ किलोमीटर काळी माती हाय. हा पाय असा. मले तेवढं नेऊन देता?"

मी हसून म्हटलं, "मिस्त्री, परीक्षा घेताय ना? नव्या गाडीला डबलसीट नाही!"

ते म्हणाले, "हो न. बरोबर हाय." आणि उठून आत गेले.

खोटं कशाला बोलू? ती परीक्षा नव्हती हे मला कळलं होतं. परीक्षा घ्यायला कुणी धुतलेला सदरा घालून बसत नाही. पण माझं कोरं इंजिन, मागे एक माणूस आणि आठ किलोमीटर चिखल, हे डोळ्यांपुढे आलं आणि जिभेवर नियम आला. तो त्यांचाच होता, म्हणून जास्तच सोयीचा वाटला. मी गाडी काढली.

सातपुड्यात काय पाहिलं हे मला फारसं आठवत नाही. सागाची मोठी मोठी पानं वाटेवर पडलेली, आणि इंजिन शिवणयंत्रासारखं चाललेलं. मध्येच एका चढावर मागची रिकामी सीट दगडाच्या धक्क्यानं खडखडली. मी उतरून तिचे नट आवळले आणि पुढे गेलो.

परतलो तर कारखाना बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, "मिस्त्री मातीले गेले" (अंत्ययात्रेला). "भाऊ गेला न त्यायचा. फाट्यापासून पायी गेले बिचारे. चपला मातीत फसल्या, हातात घेऊन चालले. घंटे लागले. पोचले तं तिरडी बांधून राहिले होते."

भाऊ त्याच दिवशी सकाळपर्यंत बोलत होता, असंही तो म्हणाला. दाराकडे पाहून विचारत होता, गुलाब आला काय?

मी परतल्यावर तिसऱ्या दिवशी मिस्त्री आले. डोकं भादरलेलं, घोटा सुजलेला. मी काही बोलायच्या आतच त्यांनी गाडी सुरू करायला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. पुण्याच्या रेल्वेत चढवण्यासाठी टाकीतलं पेट्रोल काढलं, हँडल पोत्यानं गुंडाळलं. मी कसाबसा म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी..."

"चूक मायी झाली," ते म्हणाले. "तुमाले सांगाले पाहिजे होतं. मायासारखा बारीक माणूस मागं बसला अन् हळू चालवली, तं इंजिनाले काही होत नाही. तुमी नवे. तुमाले कसं मालूम असन?"

तेव्हाच म्हणायला हवं होतं, की मला माहीत होतं. इंजिनाचं नसेल, पण बाकीचं सगळं माहीत होतं. मी मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं मी त्यांच्या भावासाठी गहिवरलोय. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

पुण्यात मित्रांनी गाडीभोवती फेऱ्या मारल्या. वर उचललेला सायलेन्सर पाहून हरखले. पहिल्याच रविवारी डोंगरावर तिघांच्या जुन्या गाड्या धापा टाकत मागे राहिल्या आणि माझी सहज वर गेली. असला कारागीर मिळाला, नशीबवान आहेस, असं सगळे म्हणतात. मी मिस्त्रींच्या गोष्टी रंगवून सांगतो. सैल नटाची सांगतो, पाटवडी-रश्श्याची सांगतो.

मिस्त्रींना पत्र लिहायला तीनदा बसलो. 'चूक तुमची नव्हती, माझी होती,' एवढंच लिहायचं होतं. कार्डावर भरपूर जागा होती. शेवटी लिहिलं, 'गाडी उत्तम चालते. आपला आभारी आहे.' आणि तेच पेटीत टाकलं.