हत्तीचं सांत्वनपत्र

पेन उलटं धरायचं, त्याचं टोपण पडद्यावर अलगद टेकवायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, "हे बघ, इथं पडतंय." ताईंचं एवढंच. प्रोग्रॅम आम्ही लिहिलेला, बंद पडायचा तोही आमच्या चुकीनं, पण ओशाळायच्या मात्र ताई.

नाशिकला अंबडमध्ये एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी होती. हॉस्पिटलांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. पेशंटची नोंदणी, केसपेपर, रिपोर्ट, असलं सगळं. लिहिणारे आम्ही आठ-दहा जण आणि आम्ही लिहिलेलं तपासणाऱ्या एकट्या ताई. वय पंचेचाळीसच्या आसपास. नाशिक रोडहून दोन बस बदलून यायच्या आणि तरी सगळ्यांच्या आधी जागेवर असायच्या. शिपायापासून मालकापर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल बघा, ज्याच्यावाचून काम अडतं आणि पार्टीला बोलवताना ज्याचं नाव नेमकं विसरतं.

त्यांची तपासायची तऱ्हा मोठी छळवादी. जन्मतारखेच्या जागी उद्याची तारीख टाकायच्या. पेशंटच्या नावात नुसतं टिंब द्यायच्या. वय दोनशे लिहून सेव्हचं बटण सात वेळा दाबायच्या. मी एकदा वैतागून म्हणालो, "ताई, असं कोण करतं?" तर म्हणाल्या, "लोक काय वाटेल ते करतात रे. विश्वास ठेवून कसं चालेल?" त्यांच्या वहीत सगळ्यात जास्त चुका माझ्या नावावर असत. एकदा तर बाहेरचा क्लायंट समोर बसलेला असताना त्यांचं पेन माझ्या पडद्यावर टेकलं. तो राग मी मनात ठेवला होता. सूड घेतला असं मी म्हणणार नाही, पण राग होता हे लपवण्यात अर्थ नाही.

मग आमची कंपनी एका मोठ्या कंपनीनं घेतली आणि फतवा निघाला. प्रत्येकानं सॉफ्टवेअरची एक व्यावसायिक पात्रता परीक्षा पास व्हायची. संधी दोन. दोन्ही हुकल्या तर एप्रिलपासून करार पुढे चालू नाही. परीक्षेत तांत्रिक भाग वेगळा आणि इंग्रजीचा वेगळा, आणि दोन्हींत स्वतंत्र पास व्हावं लागायचं.

तांत्रिक भागातलं टेस्टिंग मला ओ की ठो कळत नव्हतं. तीन शनिवार ताईंनी मला समोर बसवून ते शिकवलं, घरून आणलेला चिवडा मधे ठेवून. मी पहिल्या फटक्यात पास झालो. ताईंना तांत्रिक भागात अख्ख्या ऑफिसात सगळ्यात जास्त गुण मिळाले आणि इंग्रजीत त्या नापास झाल्या.

महापालिकेच्या शाळेत शिकलेल्या ताई. मशीननं दाखवलेला इंग्रजी एरर त्या एका नजरेत वाचायच्या, पण दहा ओळींचा उतारा समोर आला की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, मुलगी बारावीला. "ही नोकरी गेली तर या वयात मला कोण घेणार?" असं त्या म्हणायच्या, पण रडगाण्याच्या सुरात नाही. उद्या पाणी येणार नाही हे सांगावं तशा म्हणायच्या.

मी कॉन्व्हेंटचा, म्हणून मॅनेजरनं त्यांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात मारलं. रोज जेवणानंतर अर्धा तास, दोन महिने. पहिल्या दिवशी त्या दोनशे पानी वही आणि दोन पेनं घेऊन आल्या. सात वर्षं मला अरे-तुरे करणाऱ्या ताई म्हणाल्या, "सर, कुठून सुरुवात करायची?" मी त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान. मला गंमत वाटली, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

पण शिकवणं म्हणजे कंटाळा होता. उताऱ्यातला प्रत्येक शब्द त्या अडवायच्या. अर्थ लिहून घ्यायच्या, खाली रेघ मारायच्या आणि दुसऱ्या दिवशी तोच शब्द पुन्हा विचारायच्या. प्रगती होती, नाही असं नाही. तीन आठवड्यांत त्या अर्धा उतारा माझ्याशिवाय लावायला लागल्या होत्या. पण रोज निघताना एकच विनवणी, "सर, तेवढं आयएमपी काढून द्या ना."

आयएमपी काय ते तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे परीक्षा जवळ आली की सर फळ्यावर दहा प्रश्न लिहितात, वर्ग ते दहाच पाठ करतो, आणि त्यातले सहा येतात. ताईंची दहावी अशीच निघाली होती आणि बारावीही. "या परीक्षेत तसलं नसतं ताई," हे मी त्यांना वीस वेळा सांगितलं. त्यांना वाटायचं, सर हातचं राखून ठेवतायत.

शेवटी एका दुपारी माझ्या शेजारी बसणारा पराग म्हणाला, "अरे, देऊन टाक ना त्यांना आयएमपी." आणि आम्ही दोघांनी तासाभरात दहा पत्रं लिहिली. इंग्रजी अगदी जुनं, अलंकारिक, तोंडात न मावणारं. राजेसाहेबांना छत्र्यांची मागणी करणारं पत्र. दीपस्तंभाच्या रखवालदाराची क्षमा मागणारं पत्र. आणि सर्कसच्या मालकाला, त्याचा हत्ती वारला म्हणून सांत्वनपत्र. आम्हाला वाटलं, दुसरं पत्र वाचताच त्यांच्या लक्षात येईल, चार शिव्या देतील, विषय संपेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शंका काढली तीही एकच. "सर, सॉफ्टवेअरच्या परीक्षेत हत्ती कशाला विचारतील?"

मी म्हणालो, "भाषा बघतात ताई. विषय कुठलाही येतो. गेल्या वेळी आला होता."

हे वाक्य मी पूर्ण शुद्धीवर, त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो. टिंबावरसुद्धा विश्वास न ठेवणाऱ्या बाईनं मान डोलावली आणि हत्तीखाली लाल रेघ मारली.

मग ऑफिसला करमणूक मिळाली. चार वाजता चहा आला की कुणीतरी म्हणायचं, "ताई, आज हत्ती होऊन जाऊ द्या." ताई उठून उभ्या राहायच्या, शाळेच्या प्रार्थनेला राहावं तशा, हात बांधून, डोळे मिटून. मराठीत सांगायचं तर सुरुवात अशी होती: आपल्या लाडक्या हत्तीच्या दुःखद निधनाची वार्ता ऐकून माझे अंतःकरण विदीर्ण झाले आहे. एक जण तोंडावर रुमाल धरून बाथरूमकडे पळायचा. एकीनं मोबाइलवर शूटिंग केलं. मॅनेजर केबिनच्या दारात उभा राहून ऐकायचा आणि शेवटी टाळ्या वाजवायचा. ताईंना वाटायचं, आपलं पाठांतर चांगलं झालं म्हणून हे सगळे खूश आहेत. त्या दिवसांत त्यांचा चेहरा उजळला होता. सात वर्षांत कुणी त्यांना उभं करून ऐकलं नव्हतं.

आणि त्यांनी उतारे वाचणं सोडलं. "आधी आयएमपी पक्कं करते, सर." मला ते दिसत होतं. सांगू सांगू म्हणत मी एकेक सोमवार पुढे ढकलत गेलो. जितका उशीर होत गेला तितकं सांगणं अवघड होत गेलं, आणि अर्धा तास मोकळा मिळत होता तो मला आवडायलाही लागला होता.

परीक्षेच्या दिवशी मात्र मी सांगायचं ठरवून केंद्रावर गेलो. सकाळची वेळ, गंगापूर रोडला फाटकाशी गर्दी. ताई भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पुटपुटत होत्या. मला बघून म्हणाल्या, "सर, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?" आणि त्यांचे डोळे भरून आले. मी म्हणालो, "ऑल द बेस्ट."

दोन तासांनी त्या बाहेर आल्या त्या हसतच. "सर, हत्ती आला नाही. पण मी बसवला."

प्रश्न असा होता की काम वेळेत पुरं झालं नाही, तर क्लायंटला उशिराचं कारण कळवणारं पत्र लिहा. असलं पत्र ताई ऑफिसात दर आठवड्याला लिहीत. मोडकंतोडकं, चार ओळींचं, पण समोरच्याला नेमकं कळायचं.

"अहो ताई, मग तेच लिहायचं ना!"

"ते रोजचं इंग्रजी हो. परीक्षेत कसं चालेल? आणि शाळेत बाई सांगायच्या, प्रश्न नाही आला तर येतंय ते लिहून या, पान कोरं सोडू नका." मग त्यांनी मला म्हणून दाखवलं. आपल्या लाडक्या सॉफ्टवेअरच्या दुःखद विलंबाची वार्ता ऐकून माझे अंतःकरण विदीर्ण झाले आहे.

मला हसू फुटलं. भर रस्त्यात, पोट धरून हसलो मी. मी खूश झालो असं वाटून ताईही माझ्याबरोबर हसल्या. आजवर मी जे जे केलं त्यात या हसण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

चार गुण कमी पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्या नेहमीच्या वेळी, नेहमीच्या टेबलाशी येऊन बसल्या. हातात चुका टिपायची वही होती.

"मागचे सगळे पेपर वेबसाइटवर आहेत. काल बघितले. सांत्वनपत्र एकातही नाही."

त्यांनी वही उघडून पेन काढलं.

"यादी कुणी केली?"

"मी आणि परागनं."

"कधी?"

"जानेवारीत."

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"मॅनेजरना?"

"हो."

एकेक उत्तर त्या वहीत लिहून घेत होत्या, प्रोग्रॅममधली चूक कुठून सुरू झाली ते शोधताना लिहीत तसंच. आवाज चढला नव्हता. "मी उतारे सोडले ते तुम्हाला दिसत होतं?"

"हो."

तिथं पेन थांबलं.

"चेष्टा होती ताई," मी म्हणालो. "हाताबाहेर गेली."

"चेष्टा करतात लोक. त्याचं काही नाही. पण हत्ती कशाला विचारतील, असं मी विचारलं होतं. तेव्हा सर म्हणून विचारलं होतं मी तुम्हाला."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मी मॅनेजरशी बोलतो. आणखी एक संधी मागतो."

"बोला," त्या म्हणाल्या, आणि तिथंच बसून राहिल्या.

मी केबिनमध्ये गेलो. मॅनेजर म्हणाला, "वरून तिसरी संधी मिळू शकते, पण कारण लेखी द्यावं लागेल. तू देतोस? तुझ्या सहीनं?" मी काचेतून बाहेर बघितलं. ताई वही मिटून, हात त्यावर ठेवून बसल्या होत्या. एका कागदाचा प्रश्न होता. तेव्हा माझं प्रमोशन तोंडावर आलं होतं.

बाहेर येऊन मी सांगितलं, "नाही म्हणतात."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. हा माणूस आताही खोटं बोलतोय, हे त्यांना कळलं होतं असं मला वाटतं. त्या उठल्या आणि जागेवर जाऊन काम करत बसल्या. मार्चअखेर ताईंच्या निरोपाचा केक कापला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हत्ती कुणी म्हणायला सांगितला नाही. ताईंची जागा भरली नाही. आता ऑफिसातल्या सगळ्या नव्या लोकांची इंग्रजीची तयारी मी करून घेतो, आणि चांगली करून घेतो.

गेल्या महिन्यात आईचा गुडघा दाखवायला नाशिक रोडच्या एका हॉस्पिटलात गेलो होतो. नोंदणीच्या खिडकीत ताई होत्या. समोरच्या पडद्यावर आमचंच सॉफ्टवेअर. केस बरेच पांढरे झालेले, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. मी मागे वळणार होतो, पण आईनं माझा दंड घट्ट धरला होता.

"पेशंटचं नाव?" ताईंनी विचारलं. आईनं सांगितलं. वय, पत्ता, काय त्रास, सगळं त्यांनी आपुलकीनं विचारलं. "मावशी, जिना चढू नका हं, उजवीकडे लिफ्ट आहे." आईला बोलायला माणूस लागतंच. तिनं सांगून टाकलं, "हा माझा मुलगा. सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑफिसात सगळ्यांना परीक्षेचं इंग्रजी शिकवतो."

"हो का," ताई आईकडे बघून म्हणाल्या. "छान."

मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजरेत ना राग, ना ओळख. "सोबत कोण? नातेवाइकाचं नाव सांगा."

सात वर्षं माझं नाव वहीत लिहिणाऱ्या बाईला मी माझं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी ते एकेक अक्षर करून टाइप केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"बरोबर आहे का, तपासून घ्या."

माझी नजर वर होईना. मी न बघताच हो म्हणालो.

"पुढचे या," ताई म्हणाल्या.