अर्जुनीच्या गाडीचा पाव्हणा

गोंदियातली भुतं हिंदी बोलतात. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. यादोराव गजभिये सांगतात, आणि या शहरातल्या भुतांशी त्यांच्याइतकी उठबस असलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. "इथं जित्ती माणसंच हिंदी बोलून राहिली, तं मेल्यावर काय मराठी शाळेत नाव टाकतील?" असा त्यांचा सवाल असतो. मराठी भूत पाहायचंच असेल तर तिरोड्याकडे जा, हा सल्लाही ते वरून देतात.

यादोरावांनी सत्तरी ओलांडली आहे. अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखे, आणि आवाज मात्र अंगाच्या तिप्पट. तो आवाज छोट्या लाईनच्या फलाटावर तयार झाला. छोटी लाईन म्हणजे अरुंद रुळांवरची ती गाडी, जिला उशीर होण्याचीसुद्धा घाई नसायची. पोरवयापासून यादोरावांनी त्या फलाटावर चहा विकला. पुढे रूळ रुंद झाले, गाड्या लांब झाल्या, आणि यादोरावांची किटली मागे राहिली. काही वर्षं त्यांनी एसटी स्टँडसमोर चहा केला. तिथे नागझिऱ्याला वाघ पाहायला निघालेले लोक संध्याकाळी अडकायचे आणि विचारायचे, "इथं पाहायला काय आहे हो?" वाघ सकाळी, मग संध्याकाळी काय? एकदा यादोराव वैतागून म्हणाले, "भुतं आहेत. दाखवू?"

तेव्हापासून दिवस मावळतीला आला की त्यांची भूतफेरी निघते.

गंमत म्हणजे यादोराव स्वतः भूत मानत नाहीत. त्यांच्या बापानं छप्पन सालानंतर घरातले सगळे देव-देवता निरोप देऊन वाटेला लावले, तिथे भुतांची काय कथा. घरात बुद्धाची मूर्ती आहे, त्याखाली टीव्ही आहे, आणि टीव्हीसमोर त्यांच्या पत्नी पार्वताबाई आहेत. त्या म्हणतात, "जिंदगीभर चहा इकला, आता म्हातारपणी भुतं इकून राहिला. अन् म्हणते, मी मानत नाही!" यावर यादोरावांचं उत्तर तयार असतं: "मानणारा माणूस अंधारात जाईल का? म्हणून तं मले जावं लागते."

ही फेरी मी अनेकदा केली आहे. बंद पडलेल्या राईस मिलच्या धुराड्याशी ती सुरू होते. तिथे एक मुनीम आहे, जो मिल बंद झाल्याचं मानायला तयार नाही आणि रोज संध्याकाळी हमालांवर ओरडतो. पुढे जुन्या रेल्वे क्वार्टरजवळ एक मेमसाहेब "टॉमी किधर गया" असं विचारत हिंडते. "तिची हिंदी कच्ची आहे, समजून घ्या," असं यादोराव आधीच सांगून ठेवतात. लोक हसतात, एकमेकांना चिमटे काढतात, मोबाईल काढतात. मोबाईलचा दिवा लावला की यादोराव म्हणतात, "भाऊ, तो बंद करा. भुताच्या डोळ्याले त्रास होते."

पण शेवटच्या थांब्यावर कुणी हसत नाही. तो थांबा म्हणजे गावाच्या कडेची बोडी, आपल्याकडचं छोटं तळं, आणि तिच्या काठानं गेलेला जुन्या लाईनचा बांध. रूळ केव्हाच उचलले गेले. बांधावर आता बेशरमाची झुडपं. तिथे एक सपाट दगड आहे. यादोराव पिशवीतून थर्मास काढतात, एक कप चहा ओततात आणि त्या दगडावर ठेवतात. मग आवाज खाली आणून सांगतात, "इथं आमचा पाव्हणा राहते."

पाव्हण्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. यादोराव पोरसवदा होते तेव्हा एका संध्याकाळी जंगलाकडचा एक माणूस फलाटावर आला. त्यानं अर्जुनीच्या गाडीचं विचारलं, चहा घेतला, साखर जास्त मागितली. त्या दिवशी पुढे कुठेतरी रूळ खचला होता, गाडी आलीच नाही. "येईल, येईल," म्हणत तो माणूस हातपाय धुवायला बोडीवर आला, या दगडावर बसला, आणि सकाळी तसाच बसलेला सापडला. अंगावर ओरखडा नाही. पोलीस आले, घेऊन गेले. विचारायला कुणी आलं नाही. खिशातली एक बांबूची कामटी तेवढी शिपायानं फेकली, ती यादोरावांनी उचलली.

इथे यादोराव सदऱ्याच्या वरच्या खिशातून ती कामटी काढायचे. विताला जरा कमी, घासून गुळगुळीत केलेली, आणि एका टोकाच्या जरा अलीकडे पाडलेली एक खाच. "पाहा," ते म्हणायचे, "मंतरलेली आहे. खाचेवरी जेवढी आहे तेवढं तो जगला. खाचेच्या पुढचं जगणं राहून गेलं. तेवढं मागाले तो इथं बसला आहे." मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन ते छोट्या लाईनच्या इंजिनाची शिटी काढायचे. अशी शिटी, की भले भले लोक शेजाऱ्याच्या कडेवर बसायचे. फेरी संपली.

परवाच्या थंडीत नागपूरहून माझे साडू आले होते. नागपूरच्या माणसाला गोंदियात काहीतरी दाखवणं हे अवघड काम, म्हणून त्यांना फेरीला नेलं. पाच-सात माणसं होती. त्यात खुशबू नावाची नर्सिंगला शिकणारी एक मुलगी आणि तिची आजी दुर्पताबाई. दुर्पताबाई अर्जुनीच्या पलीकडच्या जंगलपट्टीतल्या. ठेंगण्या, काटक, कपाळावर गोंदण. आणि कडेवर नवं कोरं मडकं, वर पांढरं फडकं बांधलेलं.

यादोरावांनी धुराड्याशीच हटकलं. "मावशी, मडकं कायले आणलं? इथं पाणी नाही भराचं."

"लागते," दुर्पताबाई म्हणाल्या.

"भूत धरून नेता का काय त्याच्यात?"

लोक हसले. दुर्पताबाई हसल्या नाहीत. "तू चाल ना बाबू पुढं," एवढंच म्हणाल्या.

मुनिमाच्या भुताकडे त्यांनी पाहिलं नाही. मेमसाहेबाच्या वेळी त्या कुंपणाला टेकून पायातला काटा काढत बसल्या. साडू माझ्या कानात म्हणाले, "हिला काही भीती-बिती आहे का नाही?" बोडीवर आलो तेव्हा पश्चिमेला अजून थोडी लाली होती. यादोरावांनी चहा ठेवला, गोष्ट सांगितली आणि खिशातून कामटी काढली.

दुर्पताबाईंनी हात पुढे केला. "दे."

"मावशी, हात नाही लावाचा, मंतरलेली—"

"दे म्हणतो ना."

त्या आवाजात काय होतं कोण जाणे, यादोरावांनी दिली. दुर्पताबाईंनी मडकं खाली ठेवलं, चप्पल काढली, दगडावर पाऊल टेकवलं आणि त्याच्या बाजूला ती कामटी धरली. भेगाळलेलं, रुंद, आयुष्यभर चिखल तुडवलेलं पाऊल. कामटी टाचेपासून निघाली आणि बोटांच्या अलीकडेच संपली.

"मंतर नाही होय हा," त्या म्हणाल्या. "माह्या पायाचं माप होय."

बोडीत कुठेतरी मासा उसळला तेवढाच आवाज.

"मी लहान होतो. गावात चप्पल कोणाच्या पायात नव्हती. बा म्हणे, गोंदियाले जातो, तुले चप्पल आणतो. अंगणात माहा पाय ठेवला अन् कामटी कापली. खाच आहे ना, तिथंवरी पाय. अन् खाचेच्या पुढचं हे एवढं," त्यांनी बोट फिरवलं, "पुढच्या सालचं. म्हणे, पोरीचा पाय वाढते, चप्पल वाढती घेतली पाहिजे."

यादोरावांचा जबडा खाली आला होता. ज्या दोन बोटं बांबूवर त्यांनी इतकी वर्षं लोकांना घाबरवलं, तो एका बापानं पोरीच्या पायासाठी राखलेला वाव निघाला. माझ्या अंगावर जो काटा आला तो आजवरच्या कुठल्याही शिटीनं आला नव्हता.

खुशबूनं उरलेलं सांगितलं. मागे ती मैत्रिणींबरोबर फेरीला आली होती. फोनवर आजीला हसत हसत खाचेच्या कामटीची गोष्ट सांगितली, तर पलीकडे आजी बोलेनाशीच झाली.

"चप्पल घेतली होती का त्यानं?" दुर्पताबाईंनी विचारलं.

यादोरावांनी त्यांच्या उघड्या पावलाकडे पाहिलं. "होती," ते म्हणाले. "लाल पट्ट्याची. पोलिसानं सामानात नेली."

इतक्या फेऱ्यांत ही चप्पल मी कधी ऐकली नव्हती. खरी की फेरीतली, हे मी विचारलं नाही, आणि कुणी विचारूही नये.

दुर्पताबाईंनी मान हलवली. मग कामटी यादोरावांकडे परत देऊन त्या कामाला लागल्या. "आमच्यात मेलेल्या माणसाले बाहेर नाही ठेवत, बाबू. पाण्यातून त्याचा जीव धरून आणतो अन् घरात बसवतो. आजा आहे, आजी आहे, माय आहे. बा नाही. माय मरता मरता सांगून गेली, बाजूची जागा ठेवजो. मी म्हातारी झालो. मी गेल्यावर त्याले ओळखून हाक मारणारं कोण आहे?"

आता फडक्याचा आणि मडक्याचा उलगडा झाला. यादोरावही समजले, आणि एकदम पोरासारखे बावरले. "म्हणजे... पाव्हण्याले नेऊन राहिल्या तुमी?"

"मंग काय?"

"मंग मी चहा कोणाले देऊ?"

आपण काय बोललो हे त्यांना बोलल्यावर कळलं. दुर्पताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच थोडं हसून. "तू भूत मानत नाही म्हणते ना रे?"

"नाही मानत," यादोराव म्हणाले. "पाव्हण्याले चहा देणं म्हणजे मानणं होय का?"

आजी-नात बोडीत उतरल्या. थंडीचे दिवस, पाणी सुरीसारखं. गुडघाभर पाण्यात दोघींनी फडकं पसरून धरलं आणि दुर्पताबाईंनी हाक मारली, "बाऽऽ! मी दुर्पता. घरी चाल!" फडक्यात जे जिवंत येईल, मासोळी, झिंगा, किडा, तोच जीव. फडकं वर काढलं. शेवाळ. पुन्हा हाक, पुन्हा फडकं. गवताची काडी. पुन्हा. आवाज फाटत चालला. पलीकडच्या काठावरची लाली विझत आली आणि खुशबूचे दात वाजू लागले. "आजी, उद्या येऊ," ती म्हणाली.

"उद्या कोण पाह्यला? आज नाही आला तं समजाचं, त्याले यायचं नाही."

अशा वेळी आपल्या हातांचं काय करावं हे माणसाला कळत नाही. साडूंनी आपली टोपी काढून छातीशी धरली होती. भूत न मानणाऱ्या माणसांची ती एक रांगच्या रांग मनातून एकच गोष्ट मागत उभी होती, की ये रे बाबा, कुणी का असेनास, ये.

यादोराव काठावर आले. "मावशी, असा नाही येणार तो," ते म्हणाले. "तो गाडीची वाट पाहून राहिला. गाडी सोडून कायले येईल? नाव काय त्याचं?"

"मंगरू."

यादोरावांनी हात तोंडाशी नेले. शिटी निघाली. तीच शिटी, पण त्या दिवशी तिच्यात भेवडावणं नव्हतं. लांबून, वळणावरून, धानाच्या बांध्यांमधून येणाऱ्या गाडीची ती शिटी होती. दमलेली आणि घरची. मग तो फलाटावरचा आवाज, अंगाच्या तिप्पट, बोडीवरून गेला:

"चलोऽऽ, हिरडामाली, गोंगले, सौंदड, देवलगाव, अर्जुनीऽऽ! अर्जुनीवाले बैठो! मंगरूभाऊ! ओ पाव्हणे! तुमची गाडी लागली. पोरगी घ्याले आली आहे. चहा राहू द्या तो, चढा आता!"

पाणी स्तब्ध होतं. दुर्पताबाईंनी फडकं उचललं. मधोमध, काचेच्या चुऱ्यासारखा एक झिंगा उसळला. एवढासा. पुन्हा उसळला, आणि त्यांच्या मनगटाला टेकून राहिला.

"आला," त्या म्हणाल्या. ओरडून नाही. दारात उभ्या माणसाला पाहून म्हणतो तसं.

मडक्यात बोडीचं पाणी घेतलं, झिंगा आत सोडला, तोंडाला फडकं बांधलं. यादोरावांनी कामटी फडक्याच्या गाठीत खोचून दिली. देताना ती बोटांत थोडी जास्त वेळ राहिली, हे मी पाहिलं. परतताना दुर्पताबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. आम्ही त्यांच्या मागून, आपोआप हळू आवाजात बोलत, वडीलधारं माणूस सोबत असल्यासारखे चाललो होतो. मेमसाहेबाच्या क्वार्टरपाशी साडूंनी मला विचारलं, "आपण त्यांना घरपर्यंत सोडायचं का?" 'त्यांना' म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही.

फेरी अजून निघते. शेवटच्या थांब्यावर यादोराव रिकाम्या दगडाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "इथं आमचा पाव्हणा होता. गेला घरी." शिटी नाही, कामटी नाही. एका गृहस्थानं तक्रार केली म्हणे, की तुमचा शेवटचा पॉईंट बंद आहे. पार्वताबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हातचं एक भूत होतं, तेही देऊन टाकलं या माणसानं."

त्या संध्याकाळनंतर आठवड्याभरानं मी यादोरावांकडे बसलो असताना खुशबूचा फोन आला. कार्यक्रम झाला. गाव जेवलं. बापाला आईच्या बाजूला बसवलं. यादोराव सगळं ऐकत होते, रिकाम्या खिशाशी हात नेत होते. फोन ठेवायची वेळ आली तसे ते घाईनं म्हणाले,

"पोरी, चहा ठेवला का त्याच्यापुढं? आजीले सांगजो, साखर जास्त लागते त्याले."