साडेतीन दिवसांचं ग्रहण

आमच्या मामांइतकी ग्रहणं पाळलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल. तुम्ही-आम्ही जन्मभरात पाळून पाळून किती पाळणार? मामा आठवड्याला दोन पाळत, आणि त्यातलं एकही आपल्या सूर्याचं किंवा चंद्राचं नसे. मामा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा, अकोल्याचे, तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. अशा माणसाने सूतक धरून अंधारात बसावं, हे ज्यांनी त्यांना आधी पाहिलं होतं त्यांना खरं वाटत नसे. कारण आधीचे मामा तिठ्यावर कोणी उतरवून टाकलेलं लिंबू उचलून घरी आणायचे आणि मामींना त्याचं सरबत करायला लावायचे. मामी ते लिंबू गुपचूप चुलीत घालायच्या आणि चांगल्या लिंबाचं सरबत पुढे ठेवायच्या. मामा ते पिऊन मिशा पुसत विचारत, "पाह्य, मेलो काय?" आमच्या लग्नात तर त्यांनी गुरुजींना मंगळ इथून किती लांब आहे असा प्रश्न टाकला आणि उत्तर येईपर्यंत अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले.

हे सगळं एका दिवाळीपर्यंत चाललं. त्या दिवाळीच्या अमावास्येला सकाळी सूर्यग्रहण होतं. मामांची एकुलती एक लेक शोभा चांदूर बाजारहून माहेरी आली होती, सहावा महिना चालू होता. मामींनी तिला माजघरात सरळ निजवलं आणि हालू नको, नखसुद्धा कुरतडू नको, असं बजावलं. मामांनी तिला हाताला धरून उठवलं, गच्चीवर नेलं आणि काळी काच डोळ्यांवर धरली. "पाह्य पोरी, नुसती सावली हाय. सावली कोनाले चावत नाई." शोभा हसली होती, असं माझी बायको सांगते. पौषात तिचं मूल जन्मलं ते मेलेलंच. मुलगा होता. त्याचा ओठ फाटलेला होता, ग्रहणात बाहेर नेली म्हणून असं झालं, हे बायकांनी अकोल्यापासून चांदूर बाजारपर्यंत पोहोचवलं. मामा दवाखान्याच्या फाटकापाशी उभे राहिले, आत गेलेच नाहीत. त्यानंतर त्यांनी घरी लिंबू आणलं नाही आणि शोभाशी त्या मुलाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

चार-पाच वर्षांनी त्यांनी वर्तमानपत्रातून एक कात्रण कापलं. कुठल्याशा दूरच्या ताऱ्याभोवती एक ग्रह सापडला होता. आपल्या गुरूएवढं धूड, पण ताऱ्याला इतका चिकटलेला की साडेतीन दिवसांत त्याचं वर्ष पुरं होई, आणि दर फेरीत तो आपल्या आणि ताऱ्याच्या मधून जाई तेव्हा तीन तास ताऱ्याचा उजेड किंचित मंदावे. बातमी वाचून तुम्ही पान उलटलं असतं, मीही उलटलं. मामा मात्र वही घेऊन बसले. आठवड्याला दोन ग्रहणं, एक दिवसा आलं तर दुसरं रात्री, आणि दर आठवड्याला तास-सव्वातास पुढे सरकणारी. त्यांनी वर्षभराच्या वेळा काढल्या. त्याच सुमाराला शोभाला पुन्हा दिवस राहिले. दोन्ही गोष्टींची गाठ मामांनी मनात कशी घातली ते कोणाला कळलं नाही. मामींनी विचारलं तर म्हणाले, "ग्रहन लागून राह्यलं आन् साऱ्या जगात कोनीच पाळत नाई. कोनी तरी पाळलं पायजे."

ती वर्षं वऱ्हाडात वाईटच होती. पाऊस पाठ फिरवी, कापूस घरात पडून राही, तिवशाकडच्या खेड्यांत दर दोन घरांआड एका घराला कुलूप दिसे. मी अमरावतीला पोस्टात होतो. परत येणाऱ्या पत्रांवर 'गाव सोडून गेले' असा शेरा मारून मारून हात दुखायचे. अशा दिवसांत कोणी अघोरी काही करू लागला तर लोक हसत नसत, दार लावून घेत. मामांच्या गल्लीनेही तेच केलं.

एका मेमध्ये, शोभाच्या आठव्या महिन्यात, मी भर दुपारी अकोल्याला गेलो. अकोल्याची दुपार ज्याने पाहिली नाही त्याला मी काय सांगणार! गल्लीत चिटपाखरू नव्हतं, कुत्रीसुद्धा गटारात पडून होती. मामांच्या खिडक्यांवर आतून गोधड्या टांगलेल्या. कडी वाजवली तर आतून मामांचा कुजबुजल्यासारखा आवाज आला, "थांबा, जवाईबापू. मोक्ष व्हाचाय." शेजारच्या ओट्यावर रफिकभाई शिंपी ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली आणि हळूच म्हणाले, "आमच्यातबी गहनाची नमाज असते, भाऊ. पन गहन दिसलं तरच. मास्तरले बोललो, जे दिसलंच नाई त्याची इबादत कायची? तर म्हन्ते, रफिक, जे दिसत नाई त्याचंच भेव वाटते."

अखेर मामींनी दार किलकिलं केलं, कारण मी बाहेर वितळून गेलो असतो तर भाचीला काय तोंड दाखवणार! आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. हळूहळू नजर बसली तेव्हा जमिनीवर शोभा सरळ निजलेली दिसली, हात अंगालगत, पाय जुळवलेले. असं मी फक्त मेलेल्या माणसाला ठेवलेलं पाहिलं होतं. तिच्या उशाशी परात, परातीत पाणी, आणि पाण्यात मामींचं मुसळ उभं. कोणी धरलेलं नव्हतं, कशाला टेकलेलं नव्हतं. ग्रहणात मुसळ परातीत आपोआप उभं राहतं हे मी आजीकडून ऐकलं होतं, पण त्या अंधारात ते प्रत्यक्ष बघताना माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मामा भिंतीशी बसून बोलत होते, माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे. "थ्या ग्रहाची एकच बाजू ताऱ्याकडं असते, जवाईबापू. तिकडं कधी रात होत नाई. अन् मांगच्या बाजूले कधी उजाडत नाई. वारा सुटते तर थांबतच नाई. अन् जमीन नाई तिथं. पाय ठेवाले जागाच नाई. एखादं लेकरू तिथं पडलं तर खाली पोचनारच नाई, पडतच राहीन." मी म्हटलं, मामा, तिथे लेकरू कुठून येणार? शोभाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

खरं सांगतो, मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण माझ्याच्याने मामांना उलट बोलवेना. उलट बोलली ती शोभा, आणि त्याच दुपारी. ग्रहण सुटायला अर्धा तास असताना ती कुशीवर वळली, जमिनीला हात टेकून उठली, खिडकीची गोधडी ओढून काढली आणि स्वयंपाकघरातून विळी आणि एक कैरी घेऊन आली. मामा ओरडले, "शोभे, झोप! वीस-पंचवीस मिनिटं राह्यली!"

"आज गिरान नाई, बाबा," ती विळीवर बसत म्हणाली.

मामांची नजर अधू झाली होती, म्हणून वहीतल्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरावर मोठ्या अक्षरांत उतरवायचं काम त्यांनी तिच्याकडे दिलं होतं. मेच्या पानावर तिने सगळ्या वेळा दोन दोन दिवस पुढे ढकलून लिहिल्या होत्या. निवृत्त माणसाला वार कळत नाहीत, मामांनी वही उघडून पडताळलंही नव्हतं.

"तीन हप्ते झाले," शोभा म्हणाली. "खऱ्या गिरानात मी इथंच बसून कैऱ्या चिरल्या. लोनच्याची बरनी भरली हाय, जाऊन पाहा. पोटातलं पोरगं लाथा मारून राह्यलं."

मामा परातीकडे बघत राहिले. "मंग मुसळ कसं उभं हाय?"

"त्याचं बूड सपाट हाय, बाबा. थे रोजच उभं राहते. तुमीच वर्गात सांगत होते, एकडाव पायलं तर दुसऱ्या दिवशी बी करून पाहा म्हनून."

मला वाटलं, आता मामा चिडतील, नाहीतर सुटल्यासारखे हसतील. मामींनाही तसंच वाटलं असावं, त्या पाणी आणायला वळल्या. पण मामांचा चेहरा असा पडला की मी दुसरीकडे पाहिलं. तीस वर्षं पोरांना प्रश्न विचारायला शिकवणारा तो माणूस लेकराच्या आवाजात म्हणाला, "गिरानानं नाई, तं मंग आपलं थे लेकरू काहून गेलं?"

"मले नाई मालूम, बाबा," शोभा म्हणाली, आणि विळीवर कैरी धरून तशीच बसून राहिली.

तेव्हा मला मामा समजले. त्यांना कोणीतरी गुन्हेगार हवा होता, तो नाही सापडला तर स्वतः व्हायची तयारी होती. काहीच कारण नसणं एवढं मात्र त्यांना सोसत नव्हतं. मी पोस्टातला माणूस, पत्ता नसलेली पत्रं मी रोज बघतो; त्या दुपारी मी उठून दुसऱ्या खिडकीवरची गोधडीही काढली.

शोभाला अमरावतीच्या दवाखान्यात मुलगी झाली, धडधाकट आणि रडवी. मामा या वेळी फाटकापाशी थांबले नाहीत. आत आले, खुर्ची ओढून खाटेजवळ बसले, नातीला मांडीवर घेतलं. बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत होते. आम्हाला वाटलं, आता नावाचं काही बोलतील. तिच्याकडेच बघत ते म्हणाले, "शोभे, पयला कसा होता? मी पायलंच नाई त्याले."

शोभा दचकली. इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं, नवऱ्याने नाही, सासूने नाही, माझ्या बायकोनेही नाही. आम्ही सगळे तिला दुखू नये म्हणून गप्प होतो, आणि ती आम्हाला दुखू नये म्हणून.

"चांगला होता, बाबा," ती म्हणाली. "ओठ बिठ काई फाटेल नोता, कोनी तरी उगाच उठवलं. केस लय होते त्याले, कानावर आलेले. अन् बोटं लंबी होती, तुमच्यासारखी."

"आनखीन सांग," मामा म्हणाले.

ती सांगत राहिली. मी आणि बायको उठून बाहेर व्हरांड्यात आलो आणि दार पुढे ओढून घेतलं.